उतरता दक्षिणद्वार

नृसिंहवाडीला, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या नरसोबाच्या वाडीला, मी लहानपणापासून कितीतरी वेळा गेले आहे. आईचे माहेर मिरजेचे, त्यामुळे सुट्टीत आजोळी गेले की एक पौर्णिमा वाडीला होणार हे ठरलेलेच असे. परंतु दक्षिणद्वाराचे स्नान मला अठ्ठेचाळीस वर्षांची होईपर्यंत घडले नव्हते आणि एकाहत्तर वर्षांच्या आईलाही ते लग्नानंतर पुन्हा कधी साधले नव्हते. मागच्या पावसाळ्यात आम्ही दोघी त्यासाठी म्हणून गेलो आणि तीन दिवस राहिलो.

ज्यांनी वाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगायला हवे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते तिथे हे गाव आहे. गाव वर आणि देव खाली, अशी इथली रचना आहे. बाजारातून पायऱ्या उतरत उतरत घाटावर यावे, तेव्हा औदुंबरांच्या सावलीत, नदीपासून हाकेच्याही आत, दत्ताचे मंदिर येते. गाभाऱ्यात मूर्ती नाही, पादुका आहेत. दत्ताचा अवतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींनी इथे बारा वर्षे वास्तव्य केले आणि गाणगापूरला निघताना आपल्या मागे या पादुका ठेवल्या, अशी श्रद्धा आहे. त्यांना मनोहर पादुका म्हणतात. पावसाळ्यात कृष्णा चढत जाते, मंदिराच्या उत्तर दाराने आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते. त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्नान करणे म्हणजे दक्षिणद्वाराचे स्नान.

ऐकायला हे सोपे वाटते, पण त्याला पाण्याची पातळी नेमकी लागते. पाणी हातभर कमी असेल तर ते पादुकांपर्यंत पोहोचत नाही, आणि हातभर जास्त झाले की दाराशी उभे राहण्यासारखी स्थिती राहत नाही. मग मंदिर हळूहळू पाण्याखाली जाते आणि दक्षिणद्वार संपते. नदी चढताना एकदा आणि उतरताना एकदा ही पातळी येते, म्हणून वाडीत चढता दक्षिणद्वार आणि उतरता दक्षिणद्वार असे दोन शब्द आहेत. एखाद्या पावसाळ्यात हा योग तीनचार वेळा येतो, एखाद्या वर्षी एकदाही येत नाही. तो कोणत्याही पंचांगात नसतो. कधी दुपारी येतो, कधी मध्यरात्री दोन वाजता येतो, आणि काही तासांत निघून जातो.

त्यामुळे या यात्रेची तयारी पाण्याच्या बातम्या ऐकण्यापासून सुरू होते. जुलै लागला की आई रोज सकाळी वर्तमानपत्रात कोयनेचा साठा पाहत असे. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आहे आणि ते भरत आले की सांडव्याचे दरवाजे उचलले जातात. ते पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते, सांगलीत आयर्विन पुलाखालून पुढे जाते, हरिपूरला वारणा येऊन मिळते आणि मग वाडीकडे येते. दुसरीकडून पंचगंगा येते. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि भोगावती नदीचे पाणी पंचगंगेत उतरते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५ फूट. आईला हे सारे पाठ होते. पुण्यात बसून ती वाडीचे पाणी मनातल्या मनात मोजत असे, आणि मला आता कळते की तिची यात्रा तिथूनच सुरू झालेली होती.

आषाढ संपत आला तेव्हा एका संध्याकाळी आमच्या उपाध्यांचा फोन आला. वाडीत पूर्वापार घराघराचे उपाध्ये ठरलेले असतात. पादुकांच्या पूजेचा मान ज्यांच्याकडे आहे ती पुजारी घराणी आपली परंपरा आलास गावच्या भैरंभटांपासून सांगतात, आणि बाहेरगावची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याचकडे उतरत आली आहेत. "काकू, पाणी मंदिराच्या पायरीला लागलंय, निघायचं असलं तर आजच निघा," एवढेच ते म्हणाले. आम्ही रात्रीच्या एस.टी.ने निघालो. वाटेत साताऱ्यापासून पाऊस लागला, तो सांगलीपर्यंत सुटला नाही.

सकाळी आठच्या सुमारास वाडीत उतरलो तेव्हा चढता दक्षिणद्वार होऊन गेलेला होता. रात्री दीडच्या पुढे पाणी पादुकांवर आले, गावातल्या लोकांनी आणि मुक्कामाला असलेल्या भाविकांनी स्नान केले आणि पहाटेपर्यंत गाभारा पाण्याखाली गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा घाटाच्या अर्ध्याहून अधिक पायऱ्या दिसतच नव्हत्या. जिथे मी लहानपणी अनवाणी प्रदक्षिणा घालत असे तिथे गढूळ, तांबूस पाणी संथ दिसत असले तरी जोरात वाहत होते. औदुंबरांचे खालचे फाटे पाण्याला टेकून थरथरत होते. उसाची पाने, पेंढ्या, एक तुटलेली टोपली वाहत चालली होती. आई काही बोलली नाही, तिने वरच्याच पायरीवर उभे राहून नदीला हात जोडले, नारळ वाहिला आणि म्हणाली, "आता उतरताच घ्यायचा."

उतरता दक्षिणद्वार कधी येईल हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. धरणांतून किती पाणी सोडले आहे, घाटमाथ्यावर पाऊस किती आहे, कृष्णा आधी ओसरते की पंचगंगा, यावर ते अवलंबून असते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, ते संगमापाशी तुंबते. पुढे कर्नाटकात अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा किती वाटा असतो यावर तर या भागात गेली कित्येक वर्षे वाद चालू आहे. उपाध्यांनी आम्हाला माडीवरची खोली दिली आणि सांगितले की कमीत कमी दोन दिवस धरून चाला.

या दोन दिवसांत मी वाडी जशी पाहिली तशी आधी कधीच पाहिली नव्हती. पाणी वाढू लागले की मंदिरातील पूजेचे साहित्य, भांडी, समया, लाकडी सामान सारे वर हलविले जाते. श्रींची उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात दर्शनासाठी ठेवतात, आणि पाणी तिथेही पोहोचू लागले तर टेंबेस्वामींच्या मठात नेतात. त्रिकाळ पूजा, आरत्या, नैवेद्य यांपैकी काहीही थांबत नाही. देव पायऱ्या चढून वर येतो आणि त्याचा दिवस तसाच चालू राहतो. आम्ही नारायणस्वामींच्या मंदिरात आरतीला उभे राहिलो तेव्हा जागा अपुरी होती, ओल्या कपड्यांचा आणि उदाचा वास एकत्र झाला होता, आणि दिगंबराचा गजर सुरू झाल्यावर बाहेरच्या पाण्याचा आवाज त्याच्याखाली दबून गेला. आरती संपताच तो पुन्हा ऐकू आला.

दुपारी महाप्रसाद घेऊन आल्यावर उपाध्यांच्या वृद्ध मातोश्री ओसरीवर आईशेजारी बसल्या. त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे असावे. आईने दक्षिणद्वार चुकल्याची हळहळ व्यक्त केली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, पाणी आलं त्याचं कौतुक तुम्हाला. आम्ही पाणी जातं कधी ते बघतो." हे वाक्य ऐकून मी पहिल्यांदा या सोहळ्याकडे गावाच्या बाजूने पाहिले. घराच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक फिकट रेघ होती, ती २०१९ च्या महापुराची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सारे गाव रिकामे करावे लागले होते. २०२१ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. पाणी पादुकांना लागते तोवर गावाच्या चेहऱ्यावर आनंद असतो, पेढ्यांची आणि बासुंदीची दुकाने रात्रभर उघडी असतात. तेच पाणी बाजारपेठेकडे सरकू लागले की त्याच दुकानांतला माल माड्यांवर चढविला जातो, जनावरे शिरोळच्या बाजूला हलविली जातात, आणि उभा ऊस पाण्यात कुजेल की वाचेल याचा हिशेब सुरू होतो. एकाच नदीचा आनंद आणि धसका या लोकांना काही पायऱ्यांच्या अंतराने पाळावा लागतो. बाहेरून येणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे जाणून घेतल्यावाचून दक्षिणद्वाराला येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

संध्याकाळी पाऊस थांबला. घरातला मोठा मुलगा पाण्याच्या कडेला जाऊन पायरीवर एक दगड ठेवून आला. तासाभराने मी त्याच्याबरोबर पाहायला गेले तेव्हा दगड पाण्यात होता. रात्री नऊ वाजता दुसरा दगड ठेवला. साडेदहाला त्याला पाणी जेमतेम लागले होते. "पाणी थांबाय लागलंय," तो म्हणाला. मोबाइलवर बंधाऱ्याचे आणि पुलाचे आकडे दर तासाला येत होते, ते सगळे पाहतही होते, पण विश्वास मात्र त्या दगडावर होता. सकाळी दगड कोरडा पडला होता आणि त्याच्याखालची पायरी ओल्या चिखलाने चकचकत होती.

दुसरा दिवस उतरणाऱ्या पाण्याकडे पाहण्यात गेला. अमरेश्वराचे मंदिर पलीकडच्या काठावर, औरवाडला आहे. एरवी नावेतून जाता येते, पण पुरात नावा बंद असल्याने आम्ही ते इथूनच पाहिले. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातील गरीब ब्राह्मणाची कथा याच काठावरच्या अमरापूरची. दारातल्या घेवड्याच्या शेंगांवर ज्याचे पोट चाले, त्याचा तो वेल गुरूंनी उपटून टाकला आणि त्याच्या मुळाशी द्रव्याने भरलेला घडा निघाला. आई ती कथा लहानपणी आम्हाला सांगत असे. त्या दुपारी, समोरचा काठ पाण्याने पुसून गेलेला असताना, तिने ती पुन्हा सांगितली. मात्र या वेळी ती घड्यापाशी न थांबता, वेल उपटल्यावर त्या माणसाच्या बायकोने केलेल्या आक्रोशापाशी बराच वेळ थांबली.

वाडीच्या दत्ताच्या देवळाविषयी एक गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानात आली. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची गेलेली दृष्टी इथे परत आली, म्हणून त्याने हे मंदिर बांधविले आणि औरवाड, गौरवाड ही गावे इनाम दिली, अशी परंपरा सांगितली जाते. मंदिराला शिखर नाही, याचे कारण म्हणून हीच कथा सांगतात. कथेचा भाग बाजूला ठेवला तरी, ज्या वास्तूला पावसाळ्यात दिवसचे दिवस पुराखाली राहायचे आहे तिने असेच बुटके, जाड आणि प्रवाहाच्या दिशेने दोन्हीकडे मोकळे असावे, हे ते छप्पर पाण्यातून हळूहळू वर येताना पाहून मला पटले. तिथे नदीला कोणी अडविलेले नाही. तिला आत यायला दार आहे आणि बाहेर जायलाही दार आहे.

दुपारी चारच्या सुमारास मंदिराच्या कमानी दिसू लागल्या. संध्याकाळपर्यंत आतले खांब अर्धे मोकळे झाले. घाटावर माणसे जमू लागली. कुरुंदवाड, जयसिंगपूर, मिरज, इचलकरंजी अशी जवळची मंडळी दुचाकीवरून येत होती, कारण बातमी पसरली होती. रात्री उपाध्ये आम्हाला म्हणाले, "झोपा. वेळ आली की उठवतो." आईने जपाची माळ हातात घेतली आणि भिंतीला टेकून बसली. ती झोपली नसावी.

पहाटे पावणेचारला दारावर थाप पडली. आम्ही जुनी सुती वस्त्रे नेसून, चपला घरीच ठेवून निघालो. ही सूचना आदल्या दिवशीच मिळाली होती, आणि कोणाला जायचे असेल तर मीही हेच सांगेन की अंगावर पाण्यात फुगणारे कपडे नकोत, दागिने नकोत आणि लहान मुलांना पाण्यात नेऊ नये. पायऱ्यांवर बोटभर गाळ साचला होता. तो मळलेल्या लोण्यासारखा मऊ असतो आणि त्यावर पाय टिकत नाही. घाटावर मोठे दिवे लावले होते, दोरखंड बांधले होते, आणि केशरी जाकिटे घातलेले बचाव पथकाचे जवान कंबरभर पाण्यात उभे होते. ब्रह्मवृंदाचे मंत्र चालू होते. उत्तरेकडून आत जाणारे पाणी दिसत नव्हते. दक्षिण दारातून मात्र ते एका जाड, गोल वळणाने बाहेर पडताना दिसत होते, आणि दाराच्या चौकटीतून येणारा त्याचा आवाज बाकीच्या नदीहून वेगळा, पोकळ असा येत होता.

पाचपाच, सहासहा जणांना सोडत होते. आमची पाळी आल्यावर एका जवानाने आईकडे पाहून नम्रपणे सांगितले, "आजी, तुम्ही वरच थांबा, तांब्याने घालतो तुम्हाला पाणी." धार किती आहे हे समोर दिसत होते आणि त्याचे म्हणणे बरोबर होते. आईने वाद घातला नाही. ती म्हणाली, "बाळा, मी दहा वर्षांची असताना वडिलांच्या खांद्यावर बसून इथे स्नान केलंय. मला उभी करू नकोस, बसव." त्याने वरिष्ठांकडे पाहिले, त्यांनी मान हलविली. मग दोघांनी दोन्ही बाजूंनी तिचे दंड धरले आणि दारापासून थोड्या अंतरावर, जिथे प्रवाह पायरीवर पसरून उथळ होत होता, तिथे तिला बसविले. पाणी तिच्या छातीपर्यंत आले. मी तिच्या मागे दोर धरून होते.

पाणी थंड असेल असे मला वाटले होते, ते तितके थंड नव्हते. ते जड होते. त्यात माती इतकी होती की अंगावरून जाताना ते खरबरीत लागत होते, आणि पायांखालून पायरी ओढून नेल्यासारखे वाटत होते. मी वाकून तीन वेळा डोक्यावरून पाणी घेतले. तोंडात मातीची चव आली. पादुकांवरून आलेले पाणी, महाबळेश्वरापासून कऱ्हाड, सांगलीपर्यंतची शेते धुऊन आलेले पाणी आणि जवळच कोणाच्या तरी घरातून आदल्या दिवशी निघालेले पाणी, ही तीन वेगळी करता येत नव्हती. मला त्या क्षणी काही मागायचे सुचले नाही. आई डोळे मिटून, ओंजळीत येईल तेवढे पाणी घेऊन पुन्हा पुन्हा सोडत होती. मिनिटभराहून अधिक वेळ दिला गेला नसेल. "चला आजी," म्हणत जवानांनी तिला उचलले तेव्हा तिने त्या दोघांच्या डोक्यावर ओला हात ठेवला.

वर येऊन कपडे बदलून आम्ही चहा घेतला आणि पुन्हा घाटावर आलो. उजाडले होते. साडेसातपर्यंत दारातले पाणी गुडघ्याएवढे झाले आणि स्नान थांबले. तेवढ्यात गावातली पन्नाससाठ माणसे खोरी, फावडी, खराटे आणि पाण्याचे पाइप घेऊन उतरली. पुराचा गाळ पाणी उतरत असतानाच, त्याच पाण्याबरोबर ढकलून द्यावा लागतो. पाणी निघून गेले आणि ऊन लागले की तो दगडाला धरतो आणि मग खरवडून काढावा लागतो. पुजारी, दुकानदार, कॉलेजातली मुले सारे एका ओळीत उभे राहून वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर गाळ लोटत होते. मीही एक खराटा मागून घेतला. अर्ध्या तासात माझे हात भरून आले. शेजारची मुलगी, जी नववीत असावी, न थांबता काम करीत होती आणि मला खराटा तिरका कसा धरायचा ते दाखवीत होती. स्नानापेक्षा तो अर्धा तास मला अधिक आठवतो.

अकराच्या सुमारास गाभारा धुऊन झाला. पादुकांवर पहिले स्वच्छ पाणी घालण्यात आले, पूजा झाली, आणि रांगेतून आम्हालाही दर्शन मिळाले. गाभाऱ्याचे लहानसे दार, आतला अंधार, दिव्याचा उजेड, सारे नेहमीसारखेच होते, फक्त भिंतींना नदीचा वास होता. आई नेहमी दर्शन घेताना घाई करते, मागच्यांचा खोळंबा नको म्हणून. त्या दिवशीही तिने तसेच केले.

निघताना आम्ही पेढे आणि कवठाची बर्फी घेतली. उपाध्यांच्या घरी समया, पाट, पेट्या अजून माडीवरच होत्या. खाली आणायला मदत करू का, असे मी विचारले तेव्हा त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, "राहू दे. कोयनेचं पाणी अजून यायचंय."

आम्ही पुण्याला पोहोचलो त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. पाणी पुन्हा पायरीला लागले होते. आईने किती पायऱ्या राहिल्या आहेत ते विचारले, उत्सवमूर्ती वर हलविली का ते विचारले, आणि मग, या वेळी पहिल्यांदाच, बाजारात पाणी यायची भीती कितपत आहे असे विचारून ती बराच वेळ पलीकडचे बोलणे ऐकत राहिली.